भाच्याचे पाय

अकोट
२ एप्रिल २०२५

भाचेबुवा रोहित यांच्या पायांवर गोवर्धन मामाचा नमस्कार.

वयाने मी मोठा, तेव्हा खरं तर आशीर्वाद लिहायचा. पण आपल्या वऱ्हाडात मामाने भाच्याच्या पाया पडायचं असतं आणि ही रीत मी कागदावरही सोडत नाही. तुझ्या गाडीतून आलेल्या त्या पुण्याच्या बाई आठवतात का? नरनाळा किल्ल्यावर जाताना तुम्ही सगळे आपल्या मळ्यात चहाला थांबला होता. मी पांढऱ्या डोक्याचा माणूस येऊन तुझ्या पायांवर वाकलो आणि बाईंच्या हातातली बशी कलंडली. "अहो आजोबा, हे काय करताय!" मग तू समजावत बसलास, की बहिणीचं लेकरू म्हणजे मामाला देवाच्या जागी. तेव्हापासून तुझी मामी शकुन मला अधूनमधून आजोबा म्हणते. तिला एवढा विषय पुरतो.

असो. पाडव्याला तू आला नाहीस. तुझ्या वाटणीच्या पुरणपोळ्या मला दुसऱ्या दिवशी शिळ्या खाव्या लागल्या. तुझा फोन बंद. ताईला लावला तर म्हणाली, "कामात हाय तो." माझी बहीण खोटं बोलते तेव्हा तिचा आवाज बारीक होतो, अगदी लहानपणापासून. म्हणून हे पत्र. पत्र बंद करून ठेवता येत नाही, निदान फोडावं तरी लागतं.

आता कामाचं. यंदा नागपंचमीला पचमढीच्या नागद्वार यात्रेची वाट चालायची आहे. तू शब्द दिला होतास की तुझ्या जीपमधून नेशील आणि सोबत चालशील. तरुणपणी मी ती वाट चाललो तेव्हा बरोबर तुझी आई होती, लग्नाआधीची. घोरपडीसारखी चढायची. माझे गुडघे यंदा हो म्हणतात, पुढच्या वर्षीचं त्यांनी काही सांगितलेलं नाही.

मोगरा भरात आहे. पहाटे तोडायला माणसं मिळत नाहीत, म्हणून मी आणि मामीच तोडतो आणि भांडतो. ये एकदा.

तुझा मामा
गोवर्धन


अमरावती
११ एप्रिल २०२५

ती. मामांस रोहितचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन बिघडला आहे, दुरुस्तीला टाकला आहे. पाडव्याला आलो नाही कारण चिखलदऱ्याला पायात काच गेली. तसं काळजीचं काही नाही.

नागद्वारचं यंदा जमेल असं वाटत नाही. खरं म्हणजे जीप विकायचा विचार चालला आहे. लोकांना डोंगर दाखवत फिरण्यात आता काही राहिलेलं नाही, प्रत्येकाकडे गाडी आहे आणि प्रत्येकाला रस्ता माहीत आहे. एका मित्राचं टाइल्सचं दुकान आहे, तिथे बसायला बोलावतोय. बसून करायचं काम आहे.

तुम्ही इकडे यायची तसदी घेऊ नका. ऊन फार आहे. मामींना नमस्कार.

तुमचा
रोहित


अकोट
१९ एप्रिल २०२५

भाचेबुवांच्या पायांवर नमस्कार, काच गेली त्या पायावर जरा हलका.

तुझ्या पत्रात फोन आहे, काच आहे आणि टाइल्सचं दुकान आहे, आणि ही तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. ज्या पोराला शाळेत बाकावर बसवायला मास्तरला दोरी लागली असती, तो टाइल्सच्या दुकानात बसणार? त्या गाडीच्या पूजेचा नारळ मी फोडला आहे. मला न विचारता विकतोस?

मामीचं मत असं, की एखादी मुलगी आहे आणि तिच्या घरच्यांना डोंगर चढणारा जावई नको आहे. माझं मत वेगळं आहे, ते लिहायला जड जातं, पण लिहितो. त्या दिवशी पुण्याच्या लोकांसमोर मी तुझ्या पायांवर वाकलो, त्याची तुला लाज वाटली का? शहरात राहतोस, शिकलेल्या लोकांत वावरतोस. मळकं धोतर पायाशी आलं की कसंतरी होत असेल. तसं असेल तर सांग. मी चारचौघांत नाही वाकणार, घरात वाकेन.

लग्नसराईचा मोगरा घेऊन अमरावतीला यायचंच आहे. माल उतरवला की घरी येतो. ऊन मला सांगू नकोस, मी उन्हातच उगवलो.

मामा


अमरावती
४ मे २०२५

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

तुम्ही चहा न घेता गेलात. मोगऱ्याची टोपली दाराशी राहिली. आईने ती देवापाशी नेऊन ठेवली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. असल्या उन्हात मी पाय गोधडीखाली घेऊन बसलो होतो, आणि तुम्ही वाकलात तेव्हा ओरडलो, "हात लावू नका!" तुम्ही म्हणालात, "मोठा झाला भाचा." टोपी सारखी केलीत आणि निघालात. तुमची पाठ मी खिडकीतून कोपऱ्यापर्यंत पाहिली.

मामा, मला तुमची लाज वाटलेली नाही. कधीच नाही. आता खरं सांगतो. आईला मीच शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नका.

मार्चमध्ये, धुळवडीनंतरच्या रविवारी, मी कॉलेजच्या पोरापोरींना नरनाळ्यावरून परत आणत होतो. वाटेत नाकाबंदी होती. ठाण्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही तिथे जाऊन उभे राहाल. कागद मागितले, मी दाखवले. मागच्या सीटवर सुगत नावाचा मुलगा होता, तो मित्राच्या कशावर तरी हसला. हवालदाराला वाटलं, आपल्यावर हसला. त्याने सुगतला खाली ओढून थोबाडीत मारली. मी खाली उतरलो.

"कावून मारलं साहेब त्याले?"

एवढंच विचारलं. आवाजही चढवला नव्हता.

"तू कोन बे इचारनारा?"

"गाडी माही हाय साहेब. पोरं माह्या भरोशावर आले."

"चाल मंग, तुले भरोसा दाखवतो."

पुढचं थोडक्यात लिहितो. ठाण्यात दोघांनी पाय धरले आणि एकाने चामड्याच्या पट्ट्याने तळपायांवर मारलं. तळपायांवरच का, ते मला नंतर कळलं. तिथली खूण लवकर जाते आणि बाहेर पडलेला माणूस फक्त लंगडताना दिसतो. मारताना ते आदल्या दिवशीच्या क्रिकेटबद्दल बोलत होते. चिडून मारत असते तरी मला बरं वाटलं असतं असं नाही, पण तुम्ही खुरपणी करताना मामीशी बोलता तसं ते बोलत होते. रोजचं काम होतं त्यांचं. मला अजून कानात तेच ऐकू येतं.

सकाळी एक कागद पुढे केला. 'गडावर घसरून पडल्याने दोन्ही तळपायांस मार लागला, पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.' मी सही केली. मला घरी जायचं होतं. सुगतने स्वराली जोशींना कळवलं होतं, त्या वकील आहेत आणि माझ्यासोबत बरेचदा डोंगरात येतात. त्या आल्या, मला घेऊन सरळ दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांकडून लिहून घेतलं. फोन ठाण्यातच राहिला. नवा घेतला नाही, कारण कुणाचाही फोन वाजला की माझ्या छातीत धडधडतं.

मी चालायला लागलो तेव्हापासून तुम्ही या पायांवर वाकत आलात. तेच पाय त्यांनी धरले. आता कुणी खाली वाकलं की पाय आपोआप मागे ओढले जातात. तुमचा हात कोणता आणि त्यांचा कोणता, ते पायांना कळत नाही. आणि अजून एक. मला वाटतं, हे पाय आता कुणाचा नमस्कार घेण्यासारखे राहिलेले नाहीत. म्हणून ओरडलो.

तुमचा
रोहित


अकोट
१० मे २०२५

प्रिय रोहित,

या वेळी वर नमस्कार लिहिला नाही, त्याचं कारण शेवटी येईल.

पत्र वाचून मी मळ्यात गेलो आणि मोगऱ्याच्या वाफ्यात बसून रडलो. तू सगळं लिहिलंस, मग मी कशाला लपवू. मग फावडं उचललं आणि रस्त्याला लागलो. ठाण्याचं नाव तू लिहिलं नाहीस, पण त्या रस्त्यावर ठाणी ती किती असणार. मामीने वेशीपाशी गाठलं. म्हणाली, "तुमी आत गेल्यावर मी कोनाचे पाय शेकू, तुमचे का भाच्याचे?" मी परत फिरलो. बाई वेळेवर बरोबर बोलते, हेच तिचं वाईट आहे.

आपल्या आळीतल्या देवमनचा मुलगा मनोज तुला आठवत नसेल. तो पोलिसात आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. भरतीच्या वेळी पहाटे पोपटखेडच्या रस्त्याने धावायचा, मळ्यापाशी थांबून पाणी प्यायचा, मी त्याला केळी द्यायचो. तो सुटीवर आला होता. मी त्याला तुझं नाव न घेता सगळं सांगितलं आणि विचारलं, "हे तुमाले टरेनिंगमदी शिकवतेत का रे?"

तो चपलेने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "नाई मामा. शिकवत कोनी नाई. पाहून पाहून येते."

"तुले आलं?"

"माह्याच्यानं होत नाई. मी बाहीर जातो तवा. चहा सांगाले जातो."

मला त्याची कीवही आली आणि रागही आला. माझी केळी खाऊन धावलेला पोरगा, आणि आत कुणाचा तरी भाचा ओरडत असताना हा चहा सांगायला बाहेर जातो. खाकी कपड्यातली ही पोरं आकाशातून पडत नाहीत रोहित. आपल्याच आळीतून जातात, आपणच त्यांना पेढे भरवतो, आणि मग आत काय करता हे कधी विचारत नाही. मीही आजवर विचारलं नव्हतं. त्याला म्हणालो, "पाहून मारनं येते, तं पाहून थांबवनंही येत असन. कोनं तरी पयले करून दाखवलं पाह्यजे."

आता तुझ्या पायांचं. नमस्कार घेण्यासारखे राहिले नाहीत म्हणतोस. पोरांच्या भरवशाला उभे राहिले ते पाय, आणि त्यांची लायकी तू ठरवणार? नमस्कार करणारा मी आहे, ते मी ठरवतो. पण तुझे पाय घाबरले आहेत हे मला समजतं. मारकुट्या माणसाच्या हातून आलेला बैल नवीन मालकाला महिनाभर अंगाला हात लावू देत नाही. त्याच्याशी जबरदस्ती केली तर तो कायमचा जातो. म्हणून मी ठरवलं आहे. तू स्वतः उभा राहून म्हणत नाहीस तोवर मी वाकणार नाही. पत्रातही नाही.

तोवर एक कर. पाणी दिल्यावर मळ्यातली माती मऊ आणि गार होते. इथे आलास तर रोज सकाळी सरीतून अनवाणी चाल. येणं होत नसेल तर तिथेच कुठेतरी मातीवर चाल. आणि गाडी विकू नकोस. नारळ मी फोडला आहे.

मामा


अमरावती
१५ जून २०२५

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

नमस्कार नसलेलं तुमचं पत्र वाचताना विचित्र वाटलं. पण बरंही वाटलं.

मी चालतो. छत्री तलावाच्या मागे मातीची वाट आहे, सकाळी तिथे जातो. पहिल्या दिवशी विजेच्या खांबापर्यंत गेलो आणि परत आलो. मग हळूहळू वाढलं. टाचा अजून ठणकतात, पण एका सकाळी मला लक्षात आलं की मी पायांकडे न बघता झाडावरचा पक्षी बघतोय. त्याच तलावावर भरतीची तयारी करणारी पोरंपोरी धावतात. आधी मी त्यांना बघून वाट बदलायचो. आता तुमचा मनोज आठवतो. यातलं कोण पट्टा धरेल आणि कोण चहा सांगायला जाईल, असं बघत बसतो. त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं, पण काय सांगायचं ते अजून सुचत नाही.

जीप विकली नाही. टाइल्सच्या दुकानात आठवडाभर बसलो. ग्राहकांना म्हणायचो, ही फरशी ओली झाली की पाय घसरेल. मित्राने हात जोडले.

आता अडचणीचं. स्वराली जोशींनी तक्रार केली होती, ती चौकशीला लागली आहे. ऑगस्टमध्ये बाहेरच्या जिल्ह्यातला अधिकारी येऊन माझं म्हणणं ऐकणार. मी बोललो तर सुगतही बोलेल, मी नाही तर तोही नाही. स्वराली म्हणतात, "तुमचीच सही आडवी येणार आहे. घसरून पडलो असं तुम्हीच लिहून दिलंय." आणि गेल्या आठवड्यात ठाण्यातल्यांच्या ओळखीचा एक माणूस मुद्दाम घरी आला. गोड बोलला. म्हणाला, "मिटवून टाक भाऊ. तुले याच रस्त्यानं गाडी चालवाची हाय का नाई?"

खरं आहे ते. नरनाळा, चिखलदरा, पचमढी, माझे सगळे डोंगर नाकाबंदीच्या पलीकडे आहेत. तक्रार लावून धरली तर रस्ता जातो. सोडून दिली तर दर खेपेला त्या हवालदाराला कागद दाखवायचे आणि तो माझ्या पायांकडे बघून हसणार. तक्रार मागे घ्यावी असं निम्म्याहून अधिक वाटतं. तुम्ही काय म्हणता?

रोहित


अकोट
२ जुलै २०२५

प्रिय रोहित,

मार खाल्लेला माणूस तू आहेस, चौकशीत बोलायचं की नाही हे मी सांगणार नाही. मी सांगितलं आणि तुझं काही बिघडलं तर ताई मला जेवू घालणार नाही. नाही सांगितलं आणि तू गप्प बसलास तर मलाच जेवण जाणार नाही. तेव्हा मधला मार्ग: आधी नागद्वार.

तू शब्द दिलास. मी परतवाड्यापर्यंत एसटीने येतो, तिथून जीपमध्ये बसतो. तुझ्या टाचा ठणकल्या की माझे गुडघे दुखतील, दोघं मिळून बसू. सोबत आणखी एक भगत आहे, आपल्या आळीतला, सुटी काढून येतोय. पोरगा चांगला आहे, कमी बोलतो.

त्या वाटेवर सगळे एकमेकांना भगतच म्हणतात, हे तुला ठाऊक आहेच. नाव नाही, आडनाव नाही, हुद्दा नाही. मला ते फार आवडतं. वर्षातून तेवढेच दिवस मला कुणी मोगऱ्याचा भाव विचारत नाही.

मामा


अमरावती
३ ऑगस्ट २०२५

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचलात असं आईच्या फोनवर कळलं. आता आधी भांडण.

तो भगत पोलीस आहे हे तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत. बैतूलच्या पुढे ढाब्यावर त्याने पाकीट काढलं तेव्हा मला ओळखपत्र दिसलं. हातातला चहाचा ग्लास मी तसाच ठेवला. तिथून पचमढीपर्यंत मी एक शब्द बोललो नाही आणि तुम्ही मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग घेऊन खुशाल घोरत होता. मामा, तुम्हाला सोंगही घेता येत नाही, झोपलेला माणूस इतका सुरात घोरत नाही.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. लोखंडी शिड्यांच्या चढाला तुम्ही दुसऱ्या भगतांबरोबर पुढे निघून गेलात. मी सगळ्यांच्या मागे होतो, ती माझी सवयच आहे, कुणी राहिलं तर नको म्हणून. एका शिडीवर मनोज अडकला. पाऊस, खाली दरी, पायऱ्या ओल्या. त्याने दोन्ही हातांनी लोखंड घट्ट धरलं होतं, डोळे मिटलेले होते. वरून लोक ओरडत होते, "चला भगत, चला!" ओरडून असा माणूस हलत नाही. त्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून त्याचा एकेक पाय हाताने उचलून खाली ठेवावा लागतो. हे मी कित्येक वेळा केलं आहे.

मी थांबलो. खोटं कशाला सांगू, मनात आलं, राहू दे लटकलेला. मग मी शिडी चढलो आणि त्याचा घोटा धरला. तो दचकला आणि पाय मागे ओढला. अगदी माझ्यासारखा, मामा. मला ते बघून कसंतरीच झालं.

"भगत, मी हावो खाली," मी म्हणालो. "पाय सोडा. मी ठेवतो बरोबर."

त्याने पाय सोडला. एकेक करून मी त्याचे पाय खाली आणले. खाली आल्यावर तो दगडावर बसला. ओला चेहरा पुसून म्हणाला, "मामांनी सांगतला तो भाचा तुमीच ना?"

"हो."

"मी तुमच्यासाठी काही करू शकत नाई. मी त्या ठान्यात नवतो."

"मी काई मागतलं का?"

"नाई." मग म्हणाला, "आता कोनं पट्टा काढला तं मी चहा सांगाले जानार नाई. तिथंच उभा राईन. मंग होईल ते होईल."

मग तो उठून पुन्हा शिडी चढला, मी त्याच्या मागोमाग. त्याने मला मारलं नव्हतं, तेव्हा मी त्याला माफ केलं असं तुम्ही आळीत सांगत सुटू नका. उद्या तो खरंच उभा राहील का, कोण जाणे. पण मला एवढं कळलं की पाय धरणारे सगळे हात सारखे नसतात, हे माझ्या पायांना नाही तर नाही, माझ्या हातांना आधीपासून माहीत होतं.

शेवटी गुहेपाशी दर्शन झाल्यावर सगळे भगत एकमेकांच्या पायांना हात लावत होते. तुम्ही अनोळखी माणसांच्या पाया पडलात, मनोजच्या पडलात. माझ्यापाशी आलात आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिलात. पाऊस पडत होता, तुमच्या टोपीतून पाणी गळत होतं, आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मला तेव्हा पाय पुढे करता आला नाही. गाडी चालवताना पूर्ण वाटभर मला तुमचे ते पाठीमागे धरलेले हात दिसत होते.

चौकशी अठरा तारखेला आहे. जायचं की नाही, अजून ठरलं नाही.

रोहित


अकोट
९ ऑगस्ट २०२५

प्रिय रोहित,

घोरणं खरं होतं, मामीला विचार. बाकी गुन्हा कबूल. मनोजचं आधी सांगितलं असतं तर तू आला नसतास आणि आपल्या दोघांचं नागद्वार राहिलं असतं.

माझ्या हातांची काळजी करू नकोस. ते मोगरा तोडून इतके सोलले आहेत की त्यांना विश्रांती बरी. तू पाय पुढे केला नाहीस याचं मला वाईट वाटलं नाही, त्या शिड्या तू चढलास आणि उतरलास हे मी बघितलं. ताई ऐन तारुण्यात चढायची तशीच चाल. मी पुढे चाललो होतो खरा, पण दर वळणावर मागे बघत होतो.

चौकशीबद्दल एकच विचारतो. इतकी वर्षं तू लोकांना डोंगरावर नेलंस, त्यात किती जण घसरले असतील. घसरलेल्या माणसाला लागतं कुठे?

मामा


अमरावती
१९ ऑगस्ट २०२५

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

फोन काल परत मिळाला. तरी पत्रच लिहितो, कारण हे फोनवर सांगितलं तर तुम्ही मध्ये मध्ये बोलाल.

काल गेलो होतो. आई सोबत आली, बाहेर बाकावर बसून राहिली. अधिकारी वयस्कर होते, आवाज शांत. त्यांनी बसायला सांगितलं. मी म्हणालो, "उभा राहूनच बोलतो साहेब." सगळं सांगितलं. मध्ये एकदा स्वरालींनी पाणी पुढे केलं. सगळं झाल्यावर साहेबांनी तो कागद काढला. "ही सही तुमची? गडावर घसरल्याने दोन्ही तळपायांस मार, असं तुम्हीच लिहून दिलंय."

"सही माझी आहे," मी म्हणालो. "घाबरून केली. पण साहेब, हे ज्याने लिहिलं तो कधी डोंगर चढलेला नाही. मी आयुष्यभर लोकांना डोंगर चढवले. घसरलेल्या माणसाचे तळहात सोलतात, गुडघे फुटतात, कोपर, कंबर, डोकं, सगळं लागतं. तळपायाला लागत नाही. कारण घसरताना जमिनीवरून सगळ्यात आधी सुटतात ते तळपायच. डॉक्टरांच्या कागदावर बघा, माझ्या हातावर, गुडघ्यावर एक ओरखडा नाही."

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि वाचत राहिले. मग लिहून घेणाऱ्याला म्हणाले, "हे त्यांच्या शब्दांत घ्या. जसं बोलले तसं." माझ्यानंतर सुगत आत गेला. बाहेर आला तेव्हा हसत होता. मला त्याचं हसू बघून इतकं बरं वाटलं, की मीही हसलो, आणि आई आम्हा दोघांवर ओरडली.

पुढे काय होईल ते आता सांगता येत नाही. चौकशी चालू राहील, वेळ लागेल, स्वराली म्हणतात तयारी ठेवा. रस्त्यावर त्रास देतीलही. पण पुढच्या महिन्यात चिखलदऱ्याची फेरी ठरवली आहे, गाडी त्याच नाक्यावरून जाईल. काचा खाली घेऊनच जाईन. पोरांना सांगितलं आहे, हसू आलं तर हसा.

मामा, 'घसरलेल्या माणसाला लागतं कुठे' हे तुम्ही मुद्दाम विचारलंत, हे मला कळलं आहे.

पोळ्याला येतो. आई पण येते. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर मामींना सांगा, दाराशी पाण्याची बादली ठेवा. आधी बैलांचे पाय धुऊ, त्यांचा मान पहिला. मग मी उंबऱ्यासमोर जोडे काढून उभा राहीन आणि हलणार नाही. आळीतले सगळे बघत असले तरी चालेल, पुण्याच्या बाई असत्या तरी चालल्या असत्या.

गुडघे हो म्हणत असतील तर वाका.

तुमचा भाचा
रोहित